मुलीच्या वजनावर सगळे बोलतात, मुलाकडे कोण बघणार?

ऐरोलीची आई:
मुलगी १५ची, मुलगा १४चा. दोघंही अंगाने भरलेली. सासूबाई तिच्या पानातला भात कमी करतात, त्याला मात्र "वाढीचं वय" म्हणून वर तूप! परवा शाळेत तपासणी झाली. तिचं बीपी ठीक, त्याचं १३४/८२. त्याच्या मानेवर काळपट पट्टाही आलाय, घासून जात नाही. जीव थाऱ्यावर नाही. आधी काय करू?

घणसोलीची नर्स:
ताई, मान घासू नका, तो मळ नाही. इन्सुलिनचं काम नीट होत नसल्याची ती खूण असू शकते. बालरोगतज्ज्ञांना दाखवा, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), लिपिड (रक्तातली चरबी), एसजीपीटी (यकृताची तपासणी) यांबद्दल विचारा. बीपी वेगवेगळ्या दिवशी, पाच मिनिटं शांत बसवून मोजा. दंडाला गुंडाळायचा पट्टा, म्हणजे कफ, पुरेसा मोठा हवा, लहान कफ आकडा फुगवतो. तेराव्या वर्षापासून १३०/८० किंवा वर पुन्हा पुन्हा आलं तर ते उच्च रक्तदाबातच धरतात. आणि कंबर मोजा, उंचीच्या निम्म्याहून कमी हवी. वयात येताना मुलांची चरबी पोटात जास्त साठते, मुलींची मांड्यांवर. त्यामुळे नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका.

कळव्याची मावशी:
मुलीची पाळी अनियमित आहे का, हनुवटीवर राठ केस येतात का? तर पीसीओएससाठी (हार्मोन्सचा बिघाड, त्यात पाळी बिघडते) दाखवा. पण तिचा भात तोडू नका गं, या वयात टोमणे खाऊन मुली चोरून खायला लागतात. दोघांना संध्याकाळी तासभर खेळायला पाठवा.

ऐरोलीची आई:
पाळी दोन-दोन महिने येत नाही तिची. दोघांचीही अपॉइंटमेंट घेते. सासूबाईंनाही सोबत नेते, डॉक्टरांच्या तोंडून ऐकू देत.