मदत हवी आहे: टी-५५ ची नळी आणि जळगावचा उन्हाळा

नमस्कार मंडळी. आम्ही जळगाव-भुसावळची चार-पाच टाळकी रविवारी एकत्र बसून १:३५ स्केलचे रणगाडे बनवतो. सध्या १९७१ च्या युद्धातला भारतीय टी-५५ हातात आहे. पाकिस्तानकडचा चिनी टाइप ५९ म्हणजे टी-५५ च्याच थोरल्या भावाची, टी-५४ ची नक्कल, दुरून दोन्ही सारखेच दिसणार. म्हणून ओळखू यावं यासाठी आपल्या गाड्यांच्या तोफेच्या नळीवर मधोमध एक खोटा फुगवटा बसवला होता. किटमध्ये तो अर्थातच नाही. कशाचा करावा? प्लास्टिकची नळी घासून की एपॉक्सी पुट्टीने? जवळून काढलेले जुने फोटो कुणाकडे असतील तर फारच बरं.

दुसरी अडचण आपल्या खान्देशी उन्हाची. दुपारी एअरब्रशमधला अ‍ॅक्रिलिक रंग हवेतच वाळतो, मॉडेलवर भुकटीसारखा बसतो, वर नोझल तुंबतं ते वेगळंच. कूलर लावला की फवारा भलतीकडे. रंग हळू वाळावा म्हणून रिटार्डर किती टाकता? दाब कमी करून जवळून मारलं तर जमतं का? उग्र वासाचे लॅकर रंग सुचवू नका, घरात लहान पोरं आहेत. आणि ‘पावसाळ्यापर्यंत थांबा’ हेही नको, तेवढा धीर आमच्यात कुणालाच नाही.