फ्रेमवर्कच्या गाभ्यात आरपीसी हवं की नको?

अर्धविराम
आपल्या वेब फ्रेमवर्कमध्ये आरपीसीची, म्हणजे दूरच्या सर्व्हरवरचं फंक्शन नावानिशी बोलावण्याची, सोय गाभ्यातच द्यावी, असा प्रस्ताव आलाय. सर्व्हरवरच्या फंक्शनला डेकोरेटर, म्हणजे वर लिहायची एक खूण, लावायचा, की ते जेसन-आरपीसीच्या (जेसन मजकुरातून आरपीसी करायच्या ठरलेल्या पद्धतीच्या) एकाच पत्त्यावरून बोलावता येईल. माझा याला ठाम पाठिंबा आहे.

सगळीच कामं रेस्टच्या साच्यात, म्हणजे प्रत्येक गोष्टीला पत्ता आणि त्यावर गेट, पोस्ट, पुट, पॅच, डिलीट अशा ठरावीक एचटीटीपी क्रिया, यात बसत नाहीत. ऑर्डर रद्द झाली की साठा परत वाढतो, पैसे परत करायची प्रक्रिया सुरू होते, ग्राहकाला मेल जातो. हे सगळं आपण 'स्थिती बदला' अशा पॅच (अंशतः बदलाच्या) विनंतीत कोंबतो, आणि मग सर्व्हरवर जुनी-नवी स्थिती ताडून बघतो की नेमकं काय करायचं होतं. क्लायंटला ते आधीच माहीत होतं! त्यापेक्षा मेथडचं नाव 'ऑर्डर.रद्द', पॅरामीटर क्रमांक आणि कारण. आजही प्रत्येक टीम असं काहीतरी आपापल्या परीनं करतेच. कुठे परवानगी तपासायची राहते, कुठे एररचा ढाचाच वेगळा. गाभ्यात आलं तर सगळं एकाच मिडलवेअरमधून, म्हणजे प्रत्येक विनंतीला लागणाऱ्या सामाईक थरातून, जाईल.

निशाचर
तीव्र असहमत. सन मायक्रोसिस्टम्समधल्या जिम वाल्डो आणि सहकाऱ्यांनी १९९४ सालीच बजावलं होतं की दूरच्या ऑब्जेक्टला जवळच्यासारखं वागवू नका. विलंब, मेमरी, अर्धवट बिघाड, एकाच वेळी चालणारी कामं, या चारही बाबतींत दोघांत मूलभूत फरक आहे. डेकोरेटर नेमका हाच फरक झाकतो.

तुमचंच उदाहरण घ्या. रद्द करायचा कॉल गेला आणि टाइमआउट झाला. काम झालं की नाही? पुन्हा पाठवला तर पैसे दोनदा जातील का? पुट आणि डिलीट पुन्हा पाठवले तरी परिणाम तोच राहावा, हा एचटीटीपीचा करार आहे. पोस्टला तो लागू नाही, आणि तुमचं सगळं पोस्टनेच जाणार. शिवाय लॉगमध्ये ओळीमागून ओळ तीच: पोस्ट, एकच पत्ता, २०० (म्हणजे 'सगळं ठीक'). मेथड सापडली नाही तर -३२६०१ हा कोड बॉडीत (उत्तराच्या आतल्या मजकुरात) येतो, बाहेरून बहुतेक ठिकाणी सगळं आलबेल दिसतं. मग अलर्ट वाजणार कशावर?

अर्धविराम
टाइमआउटचा प्रश्न पॅचलाही आहेच की. तीही विनंती पुन्हा पाठवणं सुरक्षित असेलच, असं नाही. उपाय दोन्हीकडे एकच: क्लायंटने प्रत्येक कामासोबत वेगळी किल्ली पाठवायची आणि तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हरने आधीचंच उत्तर द्यायचं. लॉगचं म्हणाल, तर मेथडचं नाव नि एरर कोड फ्रेमवर्कलाच लिहिता येईल. गाभ्यात हवं म्हणतोय ते त्यासाठीच.

टंकलेखक
एवढंच असेल तर सरळ जीआरपीसी, ही आरपीसीची तयार चौकट, का नाही?

अर्धविराम
ब्राउझरमधून ते थेट चालत नाही, जीआरपीसी-वेब (ब्राउझरसाठीचा त्याचा प्रकार) आणि सहसा मध्ये प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) लागते. सर्व्हर-सर्व्हरमध्ये जरूर वापरा.

सांधेजोड
बॅचबद्दल कुणीच बोललं नाही. जेसन-आरपीसी २.० मध्ये एका विनंतीत कॉलची अख्खी यादी पाठवता येते. वर्डप्रेसच्या एक्सएमएल-आरपीसीत अशीच सोय होती आणि २०१५ साली हल्लेखोरांनी तिचा फायदा घेतला: एका विनंतीत शेकडो पासवर्ड तपासून घ्यायचे. रेट लिमिट (ठरावीक वेळात किती विनंत्या चालतील याची मर्यादा) विनंत्या मोजत बसतं, आतले कॉल त्याला दिसतच नाहीत. माझा विरोध नाही, पण बॅच मुळात बंद हवी, आणि चालू केली तर प्रत्येक कॉल वेगळा मोजला जावा.

निशाचर
बॅचचं पटलं, लॉगचंही. किल्लीचं नाही, कारण ती ऐच्छिक ठेवली तर घाईत कुणी पाठवणार नाही. डेकोरेटर लावतानाच 'वाचन' की 'बदल' हे लिहिलं नसेल, तर ॲप सुरूच होऊ नये. वाचनाच्या मेथड गेटने जाव्यात, म्हणजे कॅशिंग (उत्तर साठवून पुन्हा वापरणं) टिकेल. बदलाच्या कॉलला किल्ली नसेल तर तो नाकारावा. हे प्रस्तावात लिहून येईपर्यंत माझं मत विरोधातच धरा.