गिरण्यांची मुंबई शाळेच्या मुलांना एका दिवसात कशी दाखवावी? (सल्ला हवा)

गुहागरची शिक्षिका:
नमस्कार. आमच्या शाळेतील नववीच्या मुलांना गिरणगावाचा इतिहास प्रत्यक्ष दाखवावा, असा विचार आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांचे आजोबा वा पणजोबा परळ-लालबागच्या गिरण्यांत होते. मुलांना मात्र मुंबई म्हणजे गणपतीत येणारे चाकरमानी, एवढेच ठाऊक आहे. हाताशी एक पूर्ण दिवस आहे. काय पाहावे आणि निघण्यापूर्वी काय सांगून ठेवावे, हे जाणकारांनी कृपया सुचवावे. मॉल पाहून परतायचे नाही, एवढीच अट.

लालबागचा भाडेकरू:
बाई, सुरुवात मुंबईत करू नका, गावातच करा. देवळाच्या जीर्णोद्धाराच्या फलकावर देणगीदारांत ‘मुंबई मंडळ’ बहुधा सापडेल. त्या मंडळाची परळमध्ये खोली कोठे होती, एका खोलीत किती गडी राहत, पाळीनुसार झोपायची जागा कशी वाटून घेत, हे मुलांनी घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून लिहून आणावे. हा निम्मा इतिहास मुंबईत पाहायला मिळणार नाही.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगावी. कावसजी नानाभाई दावर यांनी 1854 मध्ये ताडदेवला कापड गिरणीची कंपनी काढली आणि 1856 मध्ये तिचे उत्पादन सुरू झाले. अमेरिकेतील यादवीमुळे 1861 ते 1865 या काळात इंग्लंडला तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापूस व्यापाऱ्यांकडे अमाप पैसा आला. युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या. गिरण्यांची मोठी वाढ या पडझडीनंतरची आहे, आणि ती होऊ शकली याचे एक कारण म्हणजे खोतीखालची (गावचा सारा वसूल करणाऱ्या खोताच्या ताब्यातील) तुकड्या-तुकड्यांची भातशेती सोडून बोटीने मुंबई गाठणारा जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातील मजूर.

प्रत्यक्ष फेरीत प्रथम राणीच्या बागेशेजारचे भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. ही इमारत 1872 मध्ये खुली झाली, आणि जुन्या शहराच्या प्रतिकृती व नकाशे पाहिल्यावर पुढची पायपीट मुलांना अधिक समजेल. तेथून चिंचपोकळी, लालबाग आणि ना. म. जोशी मार्ग पायीच करावा. गिरणीचा दरवाजा, चाळ, बाजार आणि गणपतीचा मंडप हे सगळे भोंग्याच्या हाकेच्या अंतरात होते, ही गोष्ट बसच्या खिडकीतून कळत नाही. बीडीडी (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या) चाळी 1920 च्या दशकातील असून तेथील खोली सुमारे 160 चौरस फुटांची. शाळेच्या पटांगणावर तेवढा चौकोन चुन्याने आखून वर्गातील दहा-बारा मुलांना त्यात उभे करावे. पुनर्विकासात काही इमारती पाडल्या गेल्या आहेत, म्हणून आत जाण्यापूर्वी रहिवाशांची परवानगी जरूर घ्यावी.

नायगावकर:
वरील सल्ला चांगला आहे, परंतु गिरणगावाचे चित्र फार गोड होऊ नये. साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात, पगार चांगला होता. पण तेथे तुटलेला धागा धोट्यातून (आडवा धागा नेणाऱ्या साधनातून) तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, या सबबीखाली अस्पृश्य कामगारांना तेथे काम मिळत नसे. डॉ. आंबेडकरांनी 1928 च्या संपाच्या वेळी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे स्पष्टपणे मांडला होता. एकट्या राहणाऱ्या गड्यांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बाईंचाही उल्लेख व्हावा. प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अशाच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी 1890 मध्ये मिळाली, तीमागे कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचे प्रयत्न होते. नववीच्या वर्गाला ही माहिती नक्की आवडेल.

गुहागरची शिक्षिका:
दोघांचे मनःपूर्वक आभार. 1982 च्या गिरणी संपाविषयी मुलांना किती सांगावे? काही घरांत तो विषय अजूनही टाळला जातो.

लालबागचा भाडेकरू:
सांगावेच, मात्र कोण हरले आणि कोण जिंकले या वादात अडकू नये. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. मागण्या केवळ पगाराच्या नव्हत्या. बदली कामगारांना (गैरहजर कामगारांच्या जागी रोजंदारीवर घेतलेल्यांना) कायम करावे आणि एकाच संघटनेला मान्यता देणारा 1946 चा कायदा रद्द करावा, हेही त्यांत होते. संपाचे नेते दत्ता सामंत कोकणातच वाढलेले होते. संप इतका लांबला याचे श्रेय गावालाही आहे, कारण असंख्य कामगार घरी परतून शेतीला लागले आणि मुंबईत राहिलेल्यांना गावाकडून तांदूळ जात राहिला. संप अधिकृतपणे मागे घेतला गेला नाही, पण पुष्कळांना पुन्हा कामावर घेतलेच नाही. पुढे 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनींच्या विकासाची वाट उघडली आणि 2001 मध्ये तिच्यात बदल झाल्यावर सार्वजनिक मोकळी जागा व परवडणारी घरे यांसाठी गिरणीच्या जमिनीतून द्यावयाचा वाटा फार आकसला. तेव्हा आपल्या अटीत किंचित सवलत घ्यावी, असे सुचवतो: लोअर परळच्या मॉलसमोर पाच मिनिटे उभे राहून हा हिशेब मुलांना समजावून द्यावा, आत जाण्याची गरज नाही.

नायगावकर:
सहलीसाठी बुधवार टाळावा. संग्रहालय आणि राणीची बाग दोन्ही त्या दिवशी बंद असतात.