जुन्या कॅसेटचे ध्वनिमुद्रण फ्लॅकमध्ये ठेवावे की एमपी३मध्ये?

षड्जपंचम:
नमस्कार. घरात ख्यालगायनाच्या खासगी बैठकींच्या बऱ्याच जुन्या कॅसेट आहेत. डेकवर वाजवून त्या संगणकात उतरवण्याचे काम मी सुरू केले असून सध्या २४ बिट, ९६ किलोहर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला आवाजाचे ९६ हजार नमुने घेणाऱ्या) वेव्ह, म्हणजे न दाबलेल्या, फाईल तयार होत आहेत. ९० मिनिटांच्या एका कॅसेटला सुमारे ३ जीबी जागा लागते, आणि सगळा संग्रह असा ठेवणे परवडणारे नाही. ३२० केबीपीएसच्या (सेकंदाला ३२० किलोबिट) एमपी३मध्ये तीच कॅसेट २१६ एमबीत मावते आणि मला तरी ऐकताना फरक जाणवत नाही. कॅसेटसारख्या मुळातच मर्यादित दर्जाच्या स्रोतासाठी फ्लॅकचा, म्हणजे काहीही न गमावता फाईल लहान करणाऱ्या स्वरूपाचा, आग्रह धरण्यात अर्थ आहे का?

जुना_डेक:
ऐकण्याची प्रत आणि जपण्याची प्रत हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जपण्याच्या प्रतीबाबत माझ्या मते वादाला जागा नाही; ती फ्लॅकच असावी. फ्लॅक मागच्या नमुन्यांवरून पुढच्या नमुन्याचा अंदाज बांधते आणि अंदाज व प्रत्यक्ष यांतला फरक तेवढा साठवते, त्यामुळे फाईल उलगडल्यावर मूळ वेव्हमधला प्रत्येक बिट जसाच्या तसा परत मिळतो. एमपी३ मात्र मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा, म्हणजे कानाला बहुधा ऐकू येणार नाही असा तपशील कायमचा टाकून देते. आज तो तपशील खरखरीखाली झाकलेला असेल, पण उद्या आपण सॉफ्टवेअरने खरखर कमी केली की आडोसाच निघून जातो आणि काटछाट उघडी पडू शकते. शिवाय एमपी३ संपादित करून पुन्हा एमपी३ केली, की दर वेळी नवी काटछाट होते.

मात्र फाईल हमखास निम्मी होईल असे धरून चालू नका. खरखरीचा अंदाज बांधता येत नसल्यामुळे कॅसेटवरचे मुद्रण फ्लॅकमध्ये फारसे आकसत नाही. जागा वाचवायची तर ९६ ऐवजी ४८ किलोहर्ट्झवर उतरवावे. ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसएदेखील किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट एवढीच अपेक्षा ठेवते. मूळ मुद्रण मोनो असेल तर एकच चॅनेल ठेवल्याने आणखी बरीच जागा वाचते.

समेवर:
जपण्याबद्दल वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, परंतु फोनवरही फ्लॅकच भरण्याचा जो हट्ट अनेकजण धरतात तो मला पटत नाही. ब्लूटूथ हेडफोन वापरत असाल तर फोन तो आवाज एसबीसी किंवा एएसी यांसारख्या स्वरूपात पुन्हा दाबूनच पाठवतो, मग मूळ फाईल फ्लॅक असून उपयोग काय? १२८ केबीपीएसवर दोष सहज सापडतात. तबल्याच्या चाटीवरचा आघात बोथट होतो, आघाताच्या आधीच एक पुसट पूर्वध्वनी येतो, आणि साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचा, म्हणजे अतिशय उंच ध्वनींचा, भाग बहुधा छाटलेला असतो. २५६ केबीपीएस एएसी किंवा ३२० केबीपीएस एमपी३ मात्र मूळ मुद्रणापासून ओळखणे भल्याभल्या कानांना जड जाते. शंका असल्यास फूबार२००० या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्स ही तुलना-चाचणी घ्यावी. त्यात कोणती फाईल वाजते आहे हे कळत नाही, त्यामुळे पूर्वग्रह आड येत नाही. दोन्ही फाईलींची पातळी आधी सारखी करून घ्यावी, कारण किंचित मोठा आवाज नेहमीच अधिक चांगला वाटतो.

आणखी एक गोष्ट: एकाच रागाचे तुकडे वेगवेगळ्या एमपी३ फाईलींत करू नयेत. एमपी३च्या सुरुवातीला व शेवटी थोडी शांतता भरली जाते आणि काही प्लेअर ती वगळत नाहीत, त्यामुळे विलंबितातून द्रुतात जाताना मध्येच खंड पडतो.

षड्जपंचम:
दोघांचे आभार. काही बैठकी मला दुसऱ्या संग्राहकाकडून एमपी३ रूपातच मिळाल्या आहेत. संग्रह एकसारखा राहावा म्हणून त्या फ्लॅकमध्ये बदलून घ्याव्यात का?

जुना_डेक:
नको. गेलेले परत येत नाही, फाईल तेवढी फुगते आणि पुढे कुणाला ती मूळ कॅसेटवरून उतरवलेली वाटते. त्या आहेत तशाच, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात.

जवारी:
या चर्चेत डेककडे थोडे दुर्लक्ष झाले आहे असे वाटते. डेकच्या हेडचा टेपशी असलेला कोन, म्हणजे ॲझिमथ, मूळ मुद्रणयंत्राच्या कोनाशी जुळत नसेल, तर तंबोऱ्याच्या जवारीतले (तारेच्या झणकारातले) वरचे स्वरांश संगणकात पोहोचण्यापूर्वीच नाहीसे होतात. हे नुकसान ३२० केबीपीएस एमपी३मुळे होणाऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी मोठे असते आणि फ्लॅक ते भरून काढत नाही. प्रत्येक कॅसेट लावल्यावर आवाज मोनोमध्ये ऐकत हेडचा छोटा स्क्रू अगदी हलकेच फिरवावा आणि तार जिथे सर्वांत स्वच्छ ऐकू येते तिथे थांबावे. मूळ मुद्रण डॉल्बी (खरखर कमी करणारी सोय) लावून केलेले नसेल तर डेकवरचे डॉल्बी बंद ठेवावे. मुद्रणाची पातळीही खेचून वर नेऊ नये. २४ बिटमध्ये सर्वांत मोठी तान उणे १२ डेसिबलच्या आसपास राहिली तरी काही बिघडत नाही, उलट शून्याला, म्हणजे कमाल पातळीला, टेकून फाटलेला आवाज नंतर दुरुस्त करणे फार कठीण जाते.