गिझरच्या वायरीला सुकटीसारखा वास, पण एमसीबी पडत नाही

सातारी_कंदी:
आठ दिवस झाले सकाळी बाथरूममध्ये सुकट भाजल्यासारखा वास येतोय. आमच्याकडे मासे नसतातच, म्हणून आधी मांजराने काय आणून टाकलं का ते शोधलं, मग ड्रेनेजमध्ये फिनेल ओतलं, काल लक्षात आलं की गिझर चालू असला तरच येतो. गिझर २ किलोवॅटचा, वायर तोकडी पडली म्हणून वायरमनने मधे पांढरा प्लास्टिकचा कनेक्टर टाकून वरून काळी टेप गुंडाळलीय. मेन बंद करून बघितलं तर टेप चिकट झालीय, आतला कनेक्टर बिस्किटासारखा तपकिरी. वायरमन फोनवर म्हणतो एमसीबी (बोर्डातला आपोआप पडणारा स्विच) पडत नाही ना, मग टेन्शन नका घेऊ. बरोबर आहे का?

फेज_न्यूट्रल:
अजिबात नाही, गिझर आत्ता बंद ठेवा, पाणी गॅसवर तापवा. स्विच-सॉकेटचं कडक प्लास्टिक तापलं की असाच मासळीसारखा वास मारतं. एमसीबीला फक्त जास्तीचा करंट कळतो, तुमचा गिझर ९ अँपिअरच्या आतच घेतोय, स्क्रू ढिला असला तरी तेवढाच, उलट थोडा कमी, मग ती पडेल कशाला? पण ढिल्या जागेवर नुसता ०.३ ओहम रेझिस्टन्स आला तरी तिथल्या तिथे वीस-बावीस वॅट उष्णता, म्हणजे टेपच्या आत सोल्डरिंग गन चालू ठेवल्यासारखं. रोज तापून गार होऊन स्क्रू अजून सैल होतो ते वेगळंच.

सातारी_कंदी:
आरसीसीबी पण आहे हो, ती?

फेज_न्यूट्रल:
ती लीकेज बघते, म्हणजे करंट वायरीबाहेर जमिनीत किंवा अंगात जातोय का ते. इथे करंट बाहेर जातच नाहीये, तिला काय कळणार.

आजीचा_नातू:
आमच्याकडे वायर कनेक्टरच्या भोकात बसेना म्हणून पठ्ठ्याने निम्म्या तारा छाटल्या होत्या!! जळल्यावर कळलं. दादा, नवीन कनेक्टर टाकू नकाच, १६ अँपिअरच्या सॉकेटपासून गिझरपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची अखंड वायर ओढा. आणि टोकाला सोल्डर लावून स्क्रूखाली देऊ देऊ नका, सोल्डर मऊ असतं, दाबाने हळूहळू पसरतं की परत ढिलं.

सातारी_कंदी:
दुसरा वायरमन आणला. स्क्रू बोटाने फिरला, स्क्रूड्रायव्हर लागलाच नाही. तांबं चार बोटं आतपर्यंत काळं, तेवढं कापून टाकलं, आता अखंड वायर आहे. इंडक्शनच्या मागे पण तसलाच कनेक्टर निघालाय, तो उद्या काढणार.