झॅक एडी: एनबीएत टिकणारा खेळ की कॉलेजपुरता?

पाचव्या_नंबरचा:

एनबीएतल्या, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या, मेम्फिस संघाच्या झॅक एडीच्या घोट्यावर २०२५ च्या उन्हाळ्यात शस्त्रक्रिया झाली, २०२५-२६ हंगामाच्या सुरुवातीला तो नसणार, ही बातमी आल्यापासून आमच्या शनिवारच्या ग्राउंडवर एकच वाद चाललाय. हा सात फूट चार इंची मुलगा एनबीएच्या पातळीचा आहे का, की कॉलेजात उंचीवर निभावलं आणि आता उघडा पडणार? माझं मत आधीच सांगून टाकतो. त्याचा खेळ इथे चालतो, आणि मेम्फिसला नेमका असाच माणूस हवा होता.

ज्यांनी त्याला पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टोरांटोचा मुलगा, जन्म २००२. लहानपणी आइस हॉकी आणि बेसबॉल खेळायचा, बास्केटबॉलकडे वळला तो शाळेच्या शेवटच्या वर्षांत. फ्लोरिडातल्या आयएमजी अकादमीतून पर्ड्यू विद्यापीठात गेला आणि २०२३, २०२४ असा लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरला. राल्फ सॅम्पसननंतर हे कुणाला जमलं नव्हतं, म्हणजे मधे चाळीस वर्षं गेली. शेवटच्या हंगामात सामन्यामागे २५ गुण आणि १२ रिबाउंड (चुकलेल्या शॉटनंतर पकडलेला बॉल). तरी ड्राफ्टच्या (एनबीए संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेच्या) आधी कित्येक जाणकार त्याला पहिल्या फेरीत पार मागे ढकलत होते. मेम्फिसने नवव्या क्रमांकावर उचलला तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली. पहिल्या हंगामात तो ६६ सामने खेळला, एकवीस-बावीस मिनिटांत ९.२ गुण आणि ८.३ रिबाउंड, आणि नवोदितांच्या पहिल्या संघात निवड.

मी स्वतः आंतरमहाविद्यालयीन पातळीपर्यंत पिव्होट, म्हणजे रिंगजवळचा सेंटर, खेळलोय. उंची सहा फूट दोन. आमचे सर साइडलाइनवरून एकच ओरडायचे, "बॉल खाली आणू नको!" रिबाउंड घेतला की सवयीने बॉल छातीपाशी येतो, आणि तेवढ्यात एखादा बुटका गार्ड चापट मारून घेऊन जातो. एडीला एकदा या एकाच गोष्टीसाठी बघा. बॉल हातात आला की दोन्ही कोपरं कानांच्या वर, बॉल डोक्याच्याही वर, आणि तिथूनच सरळ रिंगमध्ये. मधे बॉल उतरतच नाही. पाय जमिनीवर असतात आणि समोरचा उडी मारून थकतो. हे उंचीने आपोआप येत नाही. सात फुटी माणसं बॉल कमरेपर्यंत आणताना मी शेकड्याने पाहिलीत.

ड्रॉप_कव्हरेज:

तुमच्या सरांचा धडा शंभर टक्के मान्य, पण तो धडा हल्ल्याचा आहे. एडीचा प्रश्न दुसऱ्या बाजूचा आहे आणि त्यावर तुम्ही अख्ख्या पोस्टमध्ये एक ओळ लिहिली नाहीत.

२०२४ ची कॉलेज फायनल घ्या. पर्ड्यू विरुद्ध कनेक्टिकट. एडीने ३७ गुण केले आणि पर्ड्यू ७५-६० ने हरलं. कनेक्टिकटने त्याच्यावर दोन माणसं फारशी पाठवलीच नाहीत. एक सेंटर त्याच्या पाठीला लावला आणि बाकीचे चौघे पर्ड्यूच्या शूटरना चिकटून राहिले. पर्ड्यूला संपूर्ण सामन्यात फक्त सात थ्री (लांबून मारायचे तीन गुणांचे शॉट) मारता आले आणि त्यातला एक आत गेला. म्हणजे एडीचा पोस्ट-अप (रिंगजवळ डिफेंडरला पाठीवर घेऊन मारलेला) हा असा शॉट आहे जो हुशार प्रतिस्पर्धी स्वखुशीने देतो. दोन-दोन गुण घे बाबा, आम्ही तीन-तीन करतो.

आणि डिफेन्स? त्याच वर्षी एनबीएच्या पश्चिम विभागाच्या फायनलमध्ये, दुसऱ्या सामन्यात, शेवटची तीन सेकंद उरली असताना डॅलसच्या तेव्हाच्या गार्डने, डॉन्चिचने, समोरच्या संघाचा सेंटर गोबेरसमोर मागे पाऊल घेतलं आणि थ्री मारला. डॅलस १०९-१०८. गोबेर चार वेळा सर्वोत्तम बचावपटू ठरलेला माणूस. त्याच्यावर ही वेळ येते, तर एडीचं काय होईल?

जुना_रेफ्री:

दोघेही खेळाडूबद्दल बोलताय. मी जरा नियमांकडे लक्ष वेधतो, कारण "कॉलेजात चालला, इथे का नाही" याचं अर्धं उत्तर तिथेच आहे.

कॉलेजात 'की' (रिंगसमोरचा आखलेला चौकोन) बारा फूट रुंद असते, एनबीएत सोळा. पोस्टमध्ये ठाण मांडून बसणाऱ्याला रिंगपासून दोन फूट लांब उभं राहावं लागतं, आणि हूक शॉटमध्ये (एका हाताने डोक्यावरून मारायच्या शॉटमध्ये) दोन फूट म्हणजे फार. दुसरं, एनबीएत डिफेन्सला तीन सेकंदांचा नियम आहे. आपला माणूस जवळ नसेल तर रिंगखाली उभं राहता येत नाही. कॉलेजात असा नियमच नाही, तिथे एडी रिंगखाली खांबासारखा उभा राहायचा. तिसरं, शॉट क्लॉक (शॉट मारायची मुदत) तीस सेकंदांवरून चोवीसवर येतो. सहा सेकंद कमी म्हणजे सेंटरने धावत यायचं, जागा घ्यायची, पास मागायचा, हे सगळं घाईत.

एनबीएतल्या पहिल्याच सामन्यात, युटाविरुद्ध, तो पंधरा मिनिटांत सहा फाऊल करून बाहेर गेला होता. मी तो सामना शिट्टी वाजवणाऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला. फाऊल मुद्दाम केलेले नव्हते. पाय अर्धा सेकंद उशिरा पोचत होते आणि मग हात जात होते. चौतीस वर्षं मी जिल्हा-राज्य पातळीवर हेच बघत आलोय. फाऊल हाताचा दिसतो, चूक पायाची असते.

लाफायेटकर:

मी पर्ड्यूत मास्टर्स करताना मॅकी अरीनात त्याचे बरेच सामने प्रत्यक्ष पाहिलेत, त्यामुळे राहवत नाही म्हणून लिहितोय.

टीव्हीवर त्याची उंची दिसते. प्रत्यक्षात डोळ्यांत भरते ती चिकाटी. दर पझेशनला दोन माणसं त्याला ढकलत, कोपरं मारत, जर्सी ओढत, आणि हा गडी प्रत्येक वेळी कोर्टच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायचा. चेहऱ्यावर राग नाही. पहिल्या वर्षी दुहेरी मारा (दोघांनी एकदम घेरणं) आला की गोंधळायचा, बॉल हातातून सुटायचा. दोन वर्षांनी तोच खेळाडू मागे न बघता कोपऱ्यातल्या शूटरला पास देत होता. इतक्या उशिरा खेळ सुरू केलेल्या मुलाने हे शिकणं मी डोळ्यांसमोर पाहिलंय.

ड्रॉप_कव्हरेज, तुम्ही कनेक्टिकटचा सामना सांगितलात, मी त्याच्या आधीचा एक सांगतो. टेनेसीविरुद्ध ४० गुण आणि १६ रिबाउंड, आणि शेवटी त्यांच्या डाल्टन नेक्टचा शॉट ब्लॉक. त्या सामन्यामुळे पर्ड्यू १९८० नंतर पहिल्यांदा अंतिम चारांत गेलं. आणि २०२३ ची ती नामुष्की, सोळाव्या मानांकित फेअरली डिकिन्सनकडून हार, तीही लपवत नाही. देशातला सगळ्यात कमी उंचीचा संघ होता तो. पण त्या दिवशी एडीने २१ गुण, १५ रिबाउंड केले होते. आमच्या बाकीच्यांनी सव्वीस थ्री मारले आणि पाच आत गेले. आम्ही त्या रात्री हॉस्टेलवर जेवलोही नाही.

ड्रॉप_कव्हरेज:

लाफायेटकर, मनापासून लिहिलंत आणि चिकाटीबद्दल माझा वादच नाही. पण तुमचीच दोन्ही उदाहरणं जोडून बघा. २०२३ मध्ये बुटक्या संघाने समोरून आणि मागून घेरून त्याच्यापर्यंत पास नीट पोचू दिला नाही. २०२४ मध्ये कनेक्टिकटने पास पोचू दिला आणि बाकीच्यांना बंद केलं. दोन उलट उपाय, निकाल एकच.

जलील ओकाफोर आठवतोय? २०१५ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेला, पहिल्या हंगामात साडेसतरा गुण, पोस्टमधली पावलं बघत राहावीत अशी. त्याचा संघ त्या हंगामात ७२ सामने हरला आणि काही वर्षांत ओकाफोरला कुणी विचारेना.

पाचव्या_नंबरचा:

ओकाफोरची तुलना मला पटत नाही, आणि का ते सविस्तर सांगतो, कारण माझा मूळ मुद्दाच हा आहे.

ओकाफोरला बॉल लागायचा. बॉल हातात नसेल तर तो कोर्टवर असून नसल्यासारखा. एडीला मेम्फिसने कॉलेजसारखा बॉल दिलाच नाही. तो स्क्रीन लावतो (सहकाऱ्यामागच्या डिफेंडरची वाट अडवतो), रिंगकडे वळतो, आणि शॉट चुकला की परतून आलेला बॉल घेतो. मेम्फिसकडे हे काम पूर्वी स्टीव्हन ॲडम्स करायचा. ॲडम्स जखमी झाला, मग ह्यूस्टनला गेला, आणि मेम्फिसचा गार्ड मोरँट याला चांगला स्क्रीन मिळेनासा झाला. एडीचा स्क्रीन म्हणजे एकशेपस्तीस किलोची भिंत. मोरँट तिला वळसा घालतो तोवर त्याचा डिफेंडर दोन पावलं मागे असतो. याची नोंद स्कोअरशीटवर कुठेच येत नाही.

आणि मोठ्या चणीचे संघ परत येतायत हे नजरेआड करू नका. २०२५ च्या प्लेऑफमध्ये (हंगामाअखेरच्या बाद फेरीत) ह्यूस्टनने ॲडम्स आणि शेंगून या दोन सेंटरना एकत्र खेळवून गोल्डन स्टेटला सात सामन्यांपर्यंत खेचलं. त्या वर्षीच्या विजेत्या ओक्लाहोमाकडे होल्मग्रेन आणि हार्टेनस्टाइन दोघंही सात फुटी.

ड्रॉप_कव्हरेज:

त्याच ओक्लाहोमाने त्याच प्लेऑफमध्ये मेम्फिसला ४-० धुतलं. पहिला सामना १३१-८०. होल्मग्रेन थ्री मारतो, बाहेर येऊन गार्डसमोर उभा राहतो. फक्त उंची सारखी आहे, काम सारखं नाही.

ठाण्याची_मी:

एक्कावन्न गुणांनी झालेल्या हारीचं ओझं एका नवोदित सेंटरच्या खांद्यावर टाकू नका हो. त्या मालिकेत मोरँटही जखमी होऊन बाहेर पडला होता.

मी २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये होते, इंडियाना आणि सॅक्रामेंटो हे एनबीए संघ आले होते तेव्हा. सामन्याआधीचा सराव बघायला लवकर गेले. मायल्स टर्नर, सात फुटाला जेमतेम कमी, कोपऱ्यातून एकामागून एक थ्री मारत होता, घाम न येता, जणू लेअपच (रिंगखालून सहज टाकायचा शॉट). मी शाळेत सेंटर होते. आम्हाला थ्रीच्या रेषेबाहेर उभं राहिलं तरी ओरडा बसायचा. त्या दिवशी कळलं की आपल्याकडे उंच मुलीला किंवा मुलाला आधी रिंगखाली नेऊन उभं करतात आणि मग म्हणतात याला बाहेरचं काही येत नाही.

म्हणून मला सतनाम सिंग आठवतो. पंजाबमधल्या बल्लो के गावचा, सात फूट दोन. तोही आयएमजी अकादमीतच घडला, एडीच्या आधी. २०१५ मध्ये डॅलसने ५२ व्या क्रमांकावर घेतला, भारतात जन्मलेला ड्राफ्टमधला पहिला. मी त्या दिवशी ऑफिसात पेढे वाटले होते. एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या खेळावर निकाल द्यायला पुरेसा वेळ तरी मिळाला का, हा प्रश्न मला आजही छळतो. एडीला वेळ मिळतोय. कॉलेजात त्याने चार वर्षांत थ्री जवळजवळ मारलेच नव्हते. मेम्फिसमध्ये पहिल्याच वर्षी मोजके मारले आणि तिसरा हिस्सा आत गेले. ब्रूक लोपेझ या सेंटरनेही पहिली आठ वर्षं थ्रीला फारसा हात लावला नव्हता, नंतर त्याच शॉटवर त्याची कारकीर्द वाढली.

जुना_रेफ्री:

ताई, सतनामबद्दल लिहिलंत ते वाचून गलबलून आलं. पण लोपेझने शॉट बदलला, पाय नाही. आणि मला आता काळजी पायाचीच आहे. चीनचा उंच सेंटर याओ मिंग तिशीत निवृत्त झाला तो डाव्या पायापायी. खेळात काहीच कमी नव्हतं. सव्वासात फुटी माणसाचा घोटा पहिल्याच उन्हाळ्यात शस्त्रक्रियेला जातो, तेव्हा हूक शॉट कसा आहे याची चर्चा मला दुय्यम वाटते.

लाफायेटकर:

काळजी रास्त आहे. फक्त याओ दरवर्षी उन्हाळ्यात चीनच्या राष्ट्रीय संघाकडूनही खेळायचा, पायाला उसंतच नव्हती. एडीने २०२४ च्या ऑलिंपिकआधी कॅनडाच्या शिबिरातून माघार घेतली, तेव्हा टोरांटोतल्या माझ्या मित्रांनी त्याला खूप बोल लावले. मला तेव्हाही ते बरोबर वाटलं होतं.

पाचव्या_नंबरचा:

जुना_रेफ्री, तुमचा पायाचा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो, आणि एक गोष्ट ड्रॉप_कव्हरेज यांचीही. शेवटच्या पाच मिनिटांत, समोर डॉन्चिच किंवा ओक्लाहोमाचा शे असताना, एडी कोर्टवर राहू शकेल असं मी आज छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण सामना अठ्ठेचाळीस मिनिटांचा असतो. त्यातली पंचवीस मिनिटं रिबाउंड आणि स्क्रीनवर जिंकून देणारा माणूस व्यावसायिक पातळीचा नाही, हे मला मान्य नाही.

ड्रॉप_कव्हरेज:

नवव्या क्रमांकाचा खेळाडू शेवटच्या पाच मिनिटांत बाकावर बसणार असेल तर मेम्फिसने चुकीची निवड केली, असंच मी म्हणेन. तो परत आला की मी बॉल बघणार नाही. स्क्रीन लागल्यावर त्याचं पहिलं पाऊल मागे, रिंगकडे पडतं की बाजूला, गार्डला अडवायला, तेवढंच बघणार.

जुना_रेफ्री:

बाजूला पडलं तर मला फोन करा. पहाटेचे साडेपाच वाजले असतील तरी चालेल.