येत्या दहा वर्षांत तुम्ही गूगलवर किती विसंबून असाल? आपापले अनुभव लिहा

मंजिरी
काल स्टोरेज भरत आल्याची सूचना आली आणि एकदम जीमेलचे सुरुवातीचे दिवस आठवले. २००४ ला सुरू झालं तेव्हा आमंत्रणाशिवाय खातं मिळायचं नाही, मावसभावाने पाठवलं होतं मला, आणि १ जीबी जागेचं घरात काय अप्रूप! हॉटमेल तेव्हा २ एमबी द्यायचं, दोन-चार फोटो आले की आधीचे उडवा. तेव्हा कोणी विचारलं असतं पुढे काय काय वापरशील, तर म्हणाले असते मेल, बास. आज त्याच पत्त्यावर बँक, पीएफ, डीमॅट, लेकीच्या शाळेचे निरोप, सगळं. फुकटचे १५ जीबी मेल-फोटो-ड्राइव्ह मिळून असतात आणि फोटोंची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ ला संपली, तेव्हापासून मी पैसे भरते. माझा अंदाज सांगते, २०३५ मध्ये आजच्यापेक्षा जास्त गुंतलेली असेन, कारण दरवर्षी फोटोंची भर पडते आणि ते उचलून दुसरीकडे न्यायचं काम तेवढंच मोठं होत जातं. तुमचं काय?

नाशिककर
यूट्यूब. बाकी काही नसलं तरी भागेल. द्राक्षबाग आहे आमची, एप्रिलची खरड छाटणी असो नाहीतर ऑक्टोबरची गोडी छाटणी, रात्री जेवण झालं की व्हिडिओ बघतो. फुलोऱ्यात पाऊस झाला की डाऊनी रोगाची भीती, पान उलटं करून पांढरी बुरशी कशी ओळखायची ते मी तिथेच बघितलं. दहा वर्षांनी फोनला पान दाखवीन आणि तोच औषध सांगेल असं वाटतंय, पण फवारणीआधी शेजारच्या आप्पांना विचारणारच, आमच्या मातीचं त्यांना ठाऊक.

शुभाकाकू
आमचं पोळीभाजी केंद्र आहे डोंबिवलीत. पूर्वी स्टेशनकडच्या पाटीवर गिऱ्हाईक यायचं, आता मुलं फोनवर गूगलचा नकाशा धरून येतात नि वर बघून विचारतात हेच का. पैशांची मला धास्ती नाही, यूपीआय गूगलचं नाही, एनपीसीआय या पेमेंट संस्थेचं आहे, गिऱ्हाईक कुठल्याही ॲपने देवो, क्यूआर एकच. धास्ती नकाशाची. आमचं नाव, वेळ, फोटो, लोकांचे शेरे सगळं तिथे, आणि पुढे ते वाढतच जाणार. म्हणून मी डब्याच्या झाकणावर फोन नंबरचं स्टिकर लावते, नेहमीच्या लोकांकडे आपला नंबर असलेला बरा. बरं येते, कुकरच्या शिट्ट्या होतायत

दूरदेशी
काकू डोंबिवलीत कुठे? आई तिकडे एकटी असते, ज्वारीची भाकरी मिळेल का

शुभाकाकू
मिळते ना, सोमवार-गुरुवार. व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, मुलगा घरपोच देतो. आईला तिखट चालतं का तेही लिही

अभ्या
भाकीत करणं अवघड आहे कारण सेवाच राहील की नाही ते आपल्या हातात नसतं. ब्लॉग-बातम्या एकत्र वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ ला बंद, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, फोटोंचं पिकासा २०१६, गूगल प्लस एप्रिल २०१९. लोकांची अख्खी मित्रमंडळं होती ऑर्कुटवर. मेल आणि यूट्यूब जातील असं मला वाटत नाही, पण पत्ता स्वतःचा हवा या मताचा मी आहे. स्वतःचं डोमेन, म्हणजे मेलपत्त्यात @ नंतर येणारं आपलं नाव, घेतलं आणि मेल त्यावर नेला, आता मेल सांभाळणारी कंपनी, म्हणजे पोस्ट ऑफिस, बदललं तरी घराचा पत्ता तोच. फोटो टेकआऊटने (गूगलमधला आपला डेटा उतरवायची सोय) उतरवून हार्ड डिस्कवर ठेवतो, दिवाळीच्या साफसफाईत हेही एक काम.

रानजाई
मी जरा वेगळं लिहिते. बाबा गेले तेव्हा त्यांच्या एका खात्यात (कुठल्या कंपनीचं ते नको) त्यांनी टाईप केलेली आजीची सगळी गाणी होती, ओव्या, भोंडल्याची, आणि ओटीपी जायचा तो नंबर बंद झालेला. बऱ्याच खटपटी केल्या, नाही उघडलं. आजीच्या तोंडून ऐकलेलं जेवढं आम्हा बहिणींना आठवतं तेवढं वहीत उतरवतोय. गूगलमध्ये इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर म्हणून सोय आहे, ठरवलेल्या मुदतीत खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसाला कळवतात आणि आपण परवानगी दिलेला डेटा त्याला घेता येतो. माझ्या बाजूने बहिणीचं नाव टाकलंय. तुम्हीही टाका खरंच.

मंजिरी
रानजाई, वाचून गलबललं गं. लगेच करते हे. आणि भोंडल्याची गाणी टाक ना इथे, माझ्या आईकडेही आहेत काही

खडूफळा
जि.प. शाळेत आहे. लॉकडाऊनमध्ये वर्गासाठी गूगल मीट, मग गूगल फॉर्म, मग शीट, आता केंद्राला माहिती पाठवायची तर शीटच. पण माझं लक्ष मुलांकडे, तिसरीतली पोरं टाईप करत नाहीत, फोनशी मराठीत बोलतात आणि तो समजतो! ही पोरं मोठी होतील तेव्हा आपल्यापेक्षा कितीतरी जास्त विसंबतील, त्यामुळे मी पाढे आणि शब्दकोश बघणं सोडत नाही वर्गात. वीज गेली की शाळेत तेच उरतं. जेवणाची घंटा झाली, निघतो

नाशिककर
अभ्या, त्या डोमेनला खर्च किती येतो वर्षाला? आणि बदल करायचा तर सुरुवात कुठून

अभ्या
डोमेनचे हजारच्या आतबाहेर, मेलची जागा निराळी. आधी बँक, पीएफ, डीमॅटला नवा पत्ता कळवा, बाकी सावकाश. जुना मेल वर्षभर तरी चालू राहू द्या. दादा, बागेच्या नावानेच घ्या, पेटीवर छापता येईल